बालीत लिबर्टी रेकवर (बुडालेल्या लिबर्टी जहाजावर) स्कूबा डाइव्ह करणार असाल तर मुक्काम तुलांबेनलाच करा

बालीला जाणारे बहुतेक जण कुटा-सेमिन्याकला राहतात आणि तिथूनच डे ट्रिप घेतात, त्यात अडीच-तीन तास गाडीत जातात आणि पोचेपर्यंत रेकवर गर्दी झालेली असते. त्यापेक्षा आदल्या रात्री तुलांबेनला राहा आणि तिथल्याच डाइव्ह शॉपला सांगा की पहिली डाइव्ह सूर्योदयाला हवीय. त्या वेळी बंपहेड पॅरटफिशचा (कपाळावर टेंगूळ असलेल्या मोठ्या माशांचा) थवा दिसायची शक्यता सगळ्यात जास्त, खरंच लवकर उठाच!

जहाज साधारण १२० मीटर लांब, १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालेलं, मग किनाऱ्याला लावलेलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं. बोट लागत नाही, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं. पण किनारा काळ्या गोल दगडांचा आहे, लाटेत पाय सटकतो, त्यामुळे जाड सोलचे बूट शॉपकडून मागून घ्या आणि फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंखे) पाण्यात गेल्यावरच घाला. हवेच्या टाक्या गावातल्या बायका डोक्यावरून नेऊन देतात, त्यांना टिप नक्की द्या.

खोली ५ ते ३० मीटर, म्हणजे ओपन वॉटरवाल्यांनाही (डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्यांनाही) १८ मीटरपर्यंत भरपूर बघता येतं. जहाजाच्या आत शिरायचं धाडस ट्रेनिंगशिवाय नको.

आणि हो, परतताना किंतामणीच्या घाटातून जाऊ नका, डाइव्हनंतर उंचीवर जाणं धोक्याचं, फ्लाइटही किमान १८ तासांनंतरचीच घ्या.