उजनीच्या फुगवट्यावर फेब्रुवारीत: पाणपक्षी पाहावेत कसे, टिपावेत कसे

भीमा नदीवरील उजनी धरणाचा फुगवटा सोलापूर जिल्ह्यातून मागे पसरत पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात शिरतो आणि भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या शिवारात उथळ होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवरच्या या पाण्यावर डिसेंबरपासूनच पक्ष्यांची गर्दी होते. तरीही एकदाच जाणे शक्य असेल, तर फेब्रुवारीच्या मध्याला जावे. शेतीसाठी पाणी वापरले गेल्याने तोवर पातळी उतरलेली असते, काठाचा गाळ उघडा पडतो आणि रोहित (फ्लेमिंगो), शेकाट्या, चित्रबलाक अशा उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांची सोय होते. शिवाय हिवाळ्याच्या सुरुवातीला उतरलेली नर बदके बरीचशी माद्यांसारखीच मळकट दिसतात. हिवाळा सरता सरता मात्र त्यांच्या अंगावर विणीच्या हंगामाची पिसे पूर्ण चढतात आणि नवख्यालाही ती ओळखता येतात.

ओळख पटवताना रंगाआधी चोच, मान आणि शेपटी पाहावी. फावड्यासारखी पसरट चोच पाण्याला टेकवून पुढे सरकणारा तो थापट्या. चॉकलेटी डोके, मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ आणि लांब टोकदार शेपटी असलेला नर म्हणजे तलवार बदक. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असेल तर ते आपले हळदी-कुंकू बदक, आणि ते वर्षभर इथेच असते. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा लावलेला पक्षी म्हणजे वारकरी; हे नाव ज्याने ठेवले त्याच्या निरीक्षणाला दाद द्यावी लागते. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब दिवसा बहुधा काठावर विसावलेला सापडतो. दुर्बीण ८ × ४२ या मापाची (आठपट वर्धन, ४२ मिलिमीटरचे पुढचे भिंग) पुरेशी होते, कारण हलत्या होडीत याहून जास्त वर्धनाची दुर्बीण स्थिर धरणे कठीण जाते.

सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहाला काठावर हजर असावे. होडी स्थानिक मच्छीमारांचीच मिळते आणि कोणता थवा काल कुठे होता हे त्यांना ठाऊक असते. होडीत बसण्यापूर्वीच दर ठरवावा, जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि ‘दादा, थवा उडवायचा नाही’ हेही स्पष्ट सांगावे. काही जण उड्डाणाच्या फोटोसाठी नावाड्याला मुद्दाम थव्यात घुसायला लावतात. हे पक्षी पुढच्या काही आठवड्यांत परतीच्या वाटेला लागणार असतात. पट्टकादंबाला तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचे असते. त्या प्रवासासाठी साठवलेली चरबी आपल्या एका फोटोपायी खर्च व्हावी, हा सौदा मला तरी पटत नाही.

जवळ जाण्याची रीत सोपी आहे. रोहित चरत असतो तेव्हा त्याची मान खाली आणि चोच पाण्यात उलटी असते. आधी एक मान वर येते, मग चार, आणि मग सगळा थवा माना ताठ करून एकाच दिशेने चालू लागतो. पहिली मान वर आली की इंजिन बंद करून होडी थांबवावी आणि माना पुन्हा खाली जाईपर्यंत गप्प बसावे. एकदा माना ताठ झालेल्या दिसत असूनही मी ‘अजून जरा पुढे’ म्हणालो. हाती आल्या त्या पाठमोऱ्या शेपट्या. पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी येतील अशी होडी उभी करावी. थवा आपणहून उडाला, तर तो बहुधा तुमच्याच दिशेने येईल.

लेन्स ४०० ते ६०० मिलिमीटरची असावी. तिपाई मात्र काठावरच ठेवावी, कारण होडीचा हादरा तिच्यातून थेट कॅमेऱ्यात उतरतो. त्याऐवजी तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी होडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. होडीत शक्य तितके खाली बसावे, म्हणजे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो. शटरचा वेग उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा २००० वा भाग, बसलेल्यासाठी १००० वा भाग, लेन्सचे छिद्र एफ/६.३ ते एफ/८ आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) स्वयंचलित, एवढी मांडणी पुरते. गडद पाण्यापुढचा पांढरा पक्षी जळून, म्हणजे तपशील हरवून पांढराफटक होऊन, जाऊ नये म्हणून एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) अर्ध्या-पाऊण स्टॉपने, म्हणजे प्रकाशाच्या मापाने, उतरवावे. उजळ आभाळापुढे तेवढेच चढवावे. गाडीतल्या वातानुकूलनातून काढलेल्या लेन्सवर बाहेर वाफ धरू शकते, म्हणून बॅग दहा मिनिटे न उघडता तशीच ठेवावी. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबचा प्रत्येक फोटो मऊ येतो. पुष्कळांनी याचा दोष लेन्सला देऊन ती विकलीही असेल. त्या वेळी कॅमेरा आवरून कुंभारगावात चिलापीचे कालवण गाठावे.

जेवणाआधी पाहिलेल्या पक्ष्यांची वहीतली यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवावी. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना चालते आणि तिच्यासाठी एका जागी निदान १५ मिनिटे केलेली नोंदही चालते. संख्या मोजताना थव्यातले दहा पक्षी नीट मोजावेत, तेवढा तुकडा नजरेत धरावा आणि असे किती तुकडे भरतात ते पाहावे.