क्लचप्लेट बदलायच्या आधी

ठाण्याच्या घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) धरून ठेवणाऱ्यांची क्लचप्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, लवकर जाते, यात नवल नाही. पण दर वेळी दोष प्लेटचाच असतो असं नाही.

ॲक्सिलरेटर दिला की आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी मात्र रेंगाळते? मग क्लच स्लिप होतोय. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, उजवा पाय ब्रेकवर, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका देऊन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट गेली. थोडंफार स्लिप होणं यात सापडत नाही, ते वरच्या गिअरमध्ये चढावरच कळतं. आणि ही परीक्षा एकदाच घ्या, उरलीसुरली प्लेट जाळू नका.

गिअर अडकत पडतोय, रिव्हर्सला खरखर होते, तर दुखणं उलट: क्लच पूर्ण सुटत नाही. केबलची गाडी असेल तर आधी केबल ॲडजस्ट करून घ्या. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच) असेल तर बॉनेट उघडून क्लचच्या ऑइलची, म्हणजे ब्रेक फ्लुइडची, पातळी बघा (बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच, म्हणून कमी दिसली तर चालढकल नको) आणि गाडीच्या आत क्लच पेडलच्या वर, मुळाशी हात फिरवा. ओलसर लागलं तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) गळतोय. हे काम प्लेटच्या मानानं स्वस्तात होतं.

पेडल दाबल्यावरच येणारी घरघर बहुधा रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग). गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट (क्लचप्लेटला दाबून धरणारी), बेअरिंग एकदमच बदला. मजुरी दोनदा कशाला? जुने पार्ट मात्र मागून घ्या.