वॉरंट बजावणी: वर्गातलं काय, बीटवरचं काय

जामिनावर सुटलेला आरोपी तारखेला आला नाही की कोर्ट वॉरंट काढतं. जामीनदाराने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (इथली सगळी कलमं याच कायद्याची) कलम ४८९ खाली जामिनातून मोकळीक मागितली, तरी वॉरंट कोर्टाचंच. त्यामुळे शोधायची जबाबदारी पोलीस अंमलदारावर येते.

प्रशिक्षणाच्या वर्गात एकच सवय पक्की करा: निघण्याआधी वॉरंट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सही, शिक्का, वडिलांचं नाव, केस नंबर, पुढची तारीख बघा. कलम ७३ खाली जामीन घेण्याचा शेरा असेल, तर किती जामीनदार, किती रकमेचे, हे वहीत उतरवा. शेरा असताना माणूस जामीन द्यायला तयार आहे आणि तरी त्याला आत घेतला, ही नवख्यांची नेहमीची चूक. तारीख उलटली म्हणून वॉरंट मरत नाही. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा ते बजावलं जाईपर्यंत जिवंत असतं.

माणूस कुठे आणि कधी भेटेल, हे मात्र बीटच, म्हणजे अंमलदाराला नेमून दिलेला भागच, शिकवते. सोलापूरच्या पूर्व भागात एकाच नावा-आडनावाची दोन माणसं एकाच गल्लीत सापडतात. वडिलांचं नाव आणि जुन्या अटकेच्या कागदांवरच्या खुणा जुळल्याशिवाय हात लावू नका. यंत्रमागावरचा कामगार दुपारी घरी मिळेलच असं नाही, म्हणून आधी पाळी कोणती ते विचारा. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर घराला कुलूप लावून जातं. पुण्या-मुंबईला गेलेला मात्र संक्रांतीला गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेसाठी येण्याची शक्यता असते. खेड्यात पहिली भेट पोलीस पाटलाची. तेलुगू किंवा कन्नड बोलणारा सहकारी बरोबर असला, तर घरची बाई दारातूनच परत पाठवत नाही.

अक्कलकोटपलीकडे कर्नाटकात जायचं असेल, तर कलम ८१ प्रमाणे तिथल्या ठाणे प्रभारीचा किंवा मॅजिस्ट्रेटचा शेरा घ्या. तेवढ्या वेळात माणूस निसटणार असेल तरच शेऱ्याविना बजावता येतं. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक नाही. अपवादालाही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. अटकेवेळी वॉरंटमधला मजकूर सांगा, मागितलं तर वॉरंट दाखवा, नातेवाइकांना कळवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत कोर्टापुढे न्या.

सगळ्यात जास्त घोळ अहवालात होतो. ‘मिळून आला नाही’ एवढीच ओळ लिहून वॉरंट परत येतं आणि केस तिथेच अडकते. कलम ८४ चा, म्हणजे ठरल्या तारखेला हजर राहा असा, जाहीरनामा काढायला माणूस फरार आहे किंवा वॉरंट चुकवायला लपतोय, असं मानण्याजोगं कारण कोर्टाला लागतं. म्हणून प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, कुणाला विचारलं, त्याने काय सांगितलं, कुलूप होतं का, फोन लागला का, हे लिहा आणि शेजाऱ्याचा किंवा पोलीस पाटलाचा जबाब जोडा. स्टेशन डायरीतली जाण्या-येण्याची नोंद त्याच्याशी जुळली पाहिजे. वेगवेगळ्या वेळी घातलेल्या तीन फेऱ्या एकाच दुपारच्या तीन फेऱ्यांपेक्षा कोर्टात जास्त टिकतात. नव्या अंमलदाराला जुन्या हवालदाराबरोबर पाठवा, पण अहवाल नव्याकडूनच लिहून घ्या.