सायकलवर मधमाशी डसली तर: थांबायचं कधी, निघायचं कधी

सायकलवर मधमाशी चावते तेव्हा खरी इजा बहुतेक वेळा डंखाने होत नाही, ती पुढच्या दोन सेकंदांत होते. हात हँडलवरून सुटतो, पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, सायकल रस्त्याच्या मधोमध सरकते आणि मागून गाडी येत असते. म्हणून एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. माशी एकटी असेल तर नीट थांबायचं. अनेक माश्या अंगावर आल्या तर मुळीच थांबायचं नाही. या दोन प्रसंगांत नेमकं उलट वागावं लागतं आणि गडबडीत लोक त्यांचीच अदलाबदल करतात.

रस्त्यावर कोण कुठे भेटतं

सगळ्यात जास्त जपायचं ते आग्या मोहोळाला. सह्याद्रीचे कडे, वड-पिंपळासारखी उंच झाडं, पुलांचे पोट, पाण्याच्या टाक्या, उंच इमारतींचे सज्जे अशा जागी आग्या माशीचं पोळं उघड्यावर लटकतं. पोळं एकच, पण मीटरभर रुंद असू शकतं आणि त्यावर हजारो माश्यांचा पडदा असतो. पावसाळा संपला की ही पोळी दिसू लागतात, उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत राहतात. घाटात सायकली निघतात तोही हाच हंगाम. अजिंठा आणि शिवनेरीसारख्या ठिकाणी पर्यटकांवर मोहोळ उठल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत.

मोहोळ उगाच उठत नाही. खालून आलेला धूर, मारलेला दगड, फटाके, कड्याजवळ उडवलेला ड्रोन किंवा पोळ्यावर झडप घालणारा मधुबाज हा शिकारी पक्षी हे कारण असतं. मधुबाजावरचा माश्यांचा राग मात्र खाली उभ्या असलेल्या माणसांवर निघतो. पोळ्याच्या पृष्ठभागावर चमकती लाट सरकताना दिसली तर माश्या सावध झाल्या आहेत असं समजा. फोटो राहू द्या आणि आवाज न करता पुढे निघा. घाटात विश्रांतीला थांबण्याआधी वर पाहायची सवय लावून घ्या. कड्याखाली सावली छान असते म्हणून सगळे तिथेच थांबतात आणि पोळीही तिथेच असतात.

सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहते आणि स्वभावाने बरीच शांत असते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. त्या भागात पेट्या दिसल्या तर त्यांच्या तोंडासमोर उभं राहू नका. माश्यांची ये-जा त्याच वाटेने असते. पेटीच्या मागच्या बाजूने, चार-पाच मीटर अंतर ठेवून गेलात तर त्या तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं छोटं पोळं बांधणाऱ्या फुलोरी माशीचा त्रास त्याहून कमी.

गांधीलमाशीचं गणित वेगळं. तिची कागदासारखी घरटी घाणेरीच्या जाळीत, पाटीच्या मागे, एसटी थांब्याच्या छपराखाली, पोकळ पाइपात सापडतात. पावसाळ्याच्या शेवटी ती चांगली मोठी झालेली असतात. सायकल झुडपाला टेकवणं आणि लघवीला झाडीत शिरणं, सायकलस्वाराला ती भेटते ती मुख्यतः या दोन कारणांनी. टेकवण्याआधी जाळीकडे पाच सेकंद बघा. एखादी माशी एकाच जागी आत-बाहेर करताना दिसली तर जागा बदला.

आणि रसवंती. उसाच्या रसावर मधमाश्या आणि गांधीलमाश्या दोन्ही येतात. ग्लास तोंडाला लावण्याआधी आत बघा, जमलं तर झाकणाचा ग्लास आणि स्ट्रॉ मागा. घशातला एक डंख अंगावरच्या दहा डंखांपेक्षा धोक्याचा असतो, कारण सूज श्वासाच्या वाटेवर येते. साखरेचं पेय भरलेल्या बाटलीचं तोंडही याच कारणाने बंद ठेवा.

निघण्याआधी

हेल्मेटच्या भोकांतून माशी आत शिरते आणि केसांत अडकते. आत पातळ सुती टोपी किंवा बफ घातला की हा प्रकार जवळपास संपतो. घाटात उतरताना जर्सीची चेन गळ्यापर्यंत लावा. उघड्या गळ्याची जर्सी ताशी ४० किलोमीटरला माशी पकडायची पिशवीच होते. चष्मा पारदर्शक काचेचा का असेना, पण घाला. उतारावर डोळ्यावर आदळलेली माशी डसली नाही तरी पाडू शकते. कपडे फिक्या रंगाचे बरे, कारण गडद रंग आणि केसाळ पोत यांवर मधमाश्या जास्त हल्ला करतात. अत्तर, वासाचं तेल, सुगंधी सनस्क्रीन घरीच राहू द्या.

हेल्मेट आणि बूट गॅलरीत किंवा गोठ्याजवळ ठेवत असाल तर घालण्याआधी उलटे करून झटका. कुंभारमाशी चिखलाचं घर कुठल्याही भोकात बांधते. फ्रेमच्या तळाचं पाणी निघायचं छिद्रही ती बुजवते आणि मग पावसाचं पाणी आत साचून गंज चढतो. वर्षातून एकदा ते तारेने मोकळं करा.

एकटी माशी कपड्यात किंवा हेल्मेटमध्ये शिरली तर

दोन्ही हात हँडलवरच ठेवा. पेडल मारणं थांबवा, मागे एक नजर टाका, रस्त्याच्या डाव्या कडेला या आणि दोन्ही ब्रेक सारखे दाबत थांबा. मग पाय टेका. गटात असाल तर नुसतं ‘माशी!’ असं ओरडा आणि हात कडेला दाखवा. मागच्याने काय करायचं ते त्याला कळतं. रांगेच्या मधोमध अचानक ब्रेक मारलात तर तुमच्यामागचे पाच जण पडतील.

थांबल्यावर कपडा अंगापासून दूर ओढून धरा आणि चेन उघडा. बहुतेक वेळा माशी आपणहून निघून जाते. कपड्यावरून चापट मारणं सगळ्यात वाईट, कारण दाबली गेलेली माशी डसतेच. हेल्मेटचंही तसंच: वरून दाबू नका, बक्कल सोडून सरळ वर उचला. पुढे वाकून केसांत बोटं उलट्या दिशेने फिरवली की माशी खाली पडते.

रस्त्यावरून ढगासारखा थवा सरकताना दिसला तर तो बहुधा जागा बदलणारा थवा असतो. त्याच्याकडे राखायला पोळं नसतं, त्यामुळे तो सहसा आक्रमक नसतो. पन्नासेक मीटर आधी थांबा, तो जाऊ द्या. कळायच्या आत मध्ये शिरलातच तर तोंड मिटून, मान खाली घालून, हात न हलवता सरळ बाहेर पडा.

मोहोळ उठलं तर

पहिल्या डंखाबरोबर एक वास सुटतो, काहींना तो पिकलेल्या केळ्यासारखा लागतो. इतर माश्यांना तो ‘इथे डसा’ म्हणून सांगतो. म्हणून एकामागून एक डंख बसू लागले की थांबून काटे काढत बसायचं नाही.

मधमाशी ताशी २५ किलोमीटरच्या आसपास उडते. सपाटीवर किंवा उतारावर आणि रस्ता मोकळा असेल तर सायकल हेच पळायचं साधन आहे. वेग वाढवा, दोन्ही हात हँडलवर ठेवा आणि वळणावर डोकं शाबूत ठेवा. डंखापेक्षा कठडा कठीण असतो. चढावर मात्र तुमचा वेग आठ-दहाचा. तिथे सायकल कडेला आडवी टाका आणि पळा. कोंडाळं करून पळू नका, आणि शाळा, टपरी किंवा गर्दीकडे माश्या घेऊन जाऊ नका.

जर्सी डोक्यावर ओढून नाक, तोंड आणि डोळे झाका. पोटावर-पाठीवर चार डंख जास्त बसले तरी चालतील. झुडपात लपू नका, जमिनीवर पडून राहू नका, पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात, आणि दमलेला माणूस बूट घालून पोहू शकत नाही. बंद जागा शोधा. घर, मोटार, एसटी, काहीही चालेल. हात दाखवून गाडी थांबवा, आत शिरून काचा लावा. सोबत आलेल्या पाच-दहा माश्यांची भीती बाळगू नका, बाहेर हजार आहेत. बंद जागा नसेल तर काही शे मीटर तरी पळत राहावं लागतं, कारण आग्या माश्या लांबपर्यंत पाठलाग करतात.

डंखावर काय करायचं

मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि ती पिशवी आपली आपण आकसत विष सोडत राहते. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटात आत जातं. म्हणून सुरक्षित जागी पोचताच काटा लगेच काढा, नखाने, चिमटीने, हाताशी असेल त्याने. ‘चिमटीत धरू नका, कार्डानेच खरवडा’ हा सल्ला जुना आहे आणि कार्ड शोधण्यात गेलेला वेळच जास्त नडतो. गांधीलमाशी काटा सोडत नाही, त्यामुळे शोधण्यात वेळ घालवू नका. ती पुन्हा डसू शकते, आधी लांब व्हा.

हाताला चावली असेल तर ग्लोव्ह, घड्याळ आणि अंगठी आधी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. साबणाने धुवा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. खाज आणि सूज यांसाठी प्रौढाला सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी चालते. तिने झोप येऊ शकते, म्हणून त्यानंतर घाट उतरू नका. चुना लावणं सोडा. विष कातडीच्या खाली गेलेलं असतं, वरचा चुना तिथे पोचत नाही, उलट कातडी भाजते. लोखंड घासल्याने काटाच आत दाबला जातो. डोळ्याला डंख बसला तर चोळू नका, थेट नेत्रतज्ज्ञ गाठा.

दुसऱ्या दिवशी अख्खा हात सुजला तरी ती बहुधा स्थानिक प्रतिक्रिया असते. ॲलर्जीच्या धोक्याची खूण वेगळी: डंख एका जागी आणि त्रास दुसरीकडे. अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप लागणं, उलटी, चक्कर. हे काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. तेव्हा १०८ किंवा ११२ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा, एकदम उभं करू नका. धाप लागली असेल तर बसू द्या. अशा वेळी औषध एकच, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. सेटिरिझिन त्याची जागा घेत नाही. आधी एकदा असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांकडून ॲड्रेनालिन लिहून घ्या, ते द्यायला शिका आणि सोबतच्या एकाला तरी शिकवा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या गोळ्यांमुळे ॲड्रेनालिनचा गुण कमी येऊ शकतो. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात राहा, त्रास उलटून येऊ शकतो.

ॲलर्जी नसली तरी डंखांची संख्या मोजावीच लागते. प्रौढाला पन्नासच्या आसपास किंवा जास्त डंख असतील, लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला त्याहून कितीतरी कमी, तरी रुग्णालयात जा. एवढ्या विषाने स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा होते आणि ती एक-दोन दिवसांनीही दिसू शकते. लघवी कमी झाली किंवा कोऱ्या चहासारखी गडद झाली तर ताबडतोब परत जा.

टाकलेली सायकल आणायची कधी

काही तास जाऊ द्या, लांबून पाहून माश्या पोळ्यावर बसल्याची खात्री करा आणि एकट्यानेच जा. अंधारात जायचं ठरवलंत तर पोळ्याच्या दिशेने टॉर्च मारू नका. आग्या माश्या उजेडाकडे झेपावतात आणि चांदण्या रात्री उडतातही. डंख बसलेली जर्सी आणि ग्लोव्ह साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका, आणि हँडलची टेप ओल्या फडक्याने पुसून घ्या.