शिसं ओतायचंय? आधी ओल तपासा

पागाची, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याची, शिशाची वजनं घरी ओतत असाल तर पावसाळी दिवस टाळा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात ओला तुकडा पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं थेट तोंडावर उडतं. जुन्या जाळ्याचं शिसं वरून कोरडं दिसतं, पण दोरीच्या भोकात ओल दडलेली असते. म्हणून ते थंड भांड्यातच घालून हळूहळू तापवा. साचाही शेकून घ्या. थंड साच्यात वजनाला सुरकुत्या पडतात. काम अंगणात, वारा पाठीवर घेऊन. बॅटरीच्या प्लेटा स्वस्त पडतात खऱ्या, पण त्यांच्या नादी लागू नका, विषारी वायू निघतात. शिसं वितळवलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला नको. आणि तंबाखू मळण्याआधी हात साबणाने धुवा!