बी.एस्सी. कृषीनंतर व्यवस्थापन शिक्षण : तयारी कधी आणि कशी करावी

बारावीपर्यंत लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांमध्ये जीवशास्त्र घोटलेली आणि पुढे सीईटीच्या गुणांवर बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी या पदवीला आलेली मुले-मुली मराठवाड्यातील प्रत्येक कृषी महाविद्यालयात भेटतात. मीही त्यांपैकीच एक होतो. पदवीनंतर राज्यसेवा, बँकेतील कृषी अधिकारीपद किंवा एम.एस्सी. एवढेच मार्ग वसतिगृहात चर्चिले जातात. कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचे नाव मात्र क्वचितच निघते. वास्तविक अहमदाबाद आणि लखनौ येथील आयआयएम, हैदराबादची ‘मॅनेज’ (राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था), जयपूरची ‘नियाम’ (राष्ट्रीय कृषी विपणन संस्था) आणि पुण्याची वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्था या ठिकाणी याच विषयाचे स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि कृषी पदवीधराची पार्श्वभूमी तेथे जमेची बाजू ठरते.

आयआयएमसाठी ‘कॅट’ ही व्यवस्थापन शिक्षणाची सामाईक प्रवेश परीक्षा अनिवार्य असून इतर संस्थांच्या प्रवेशातही तिच्या गुणांना मोठे स्थान आहे. परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस होते. इंग्रजी आकलन, तर्क व माहितीचे विश्लेषण आणि गणित हे तीन विभाग असतात व प्रत्येकाला ४० मिनिटे मिळतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, तर बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. आपल्याकडील विद्यार्थ्यांची खरी अडचण येथेच सुरू होते, कारण पदवीचे सातवे सत्र म्हणजे ‘रावे’, अर्थात ग्रामीण कृषी कार्यानुभव. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून आपण ज्या खरिपात गावात राहतो, तोच खरीप कॅटच्या तयारीचा कळीचा काळ असतो. त्यामुळे शेकडेवारी, गुणोत्तर, बीजगणित आणि भूमिती हे सारे सहावे सत्र संपण्यापूर्वी पक्के झालेले असावे, असे माझे ठाम मत आहे. हे गणित बहुतांशी दहावीच्या पातळीचे आहे, परंतु बारावीला गणित नसलेल्यांची त्याची सवय मोडलेली असते. दुसऱ्या वर्षापासून रोज तासभर सराव केला, तर ती पुन्हा लागते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीसाठी शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा वर्तमानपत्रातील एक संपादकीय रोज सावकाश वाचून त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा.

पदवीच्या गुणांकडे पहिल्या सत्रापासूनच लक्ष असावे. मुलाखतीसाठी निवड करताना अनेक संस्था दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींचे गुण विचारात घेतात, आणि सुरुवातीच्या सत्रांत घसरलेली सरासरी पुढे वर आणणे फार जड जाते.

आता मुलाखतीविषयी सांगतो, कारण आपले खरे भांडवल तेथे कामाला येते. ‘तुमच्या भागातील मुख्य पीक कोणते?’ या प्रश्नाला ‘सोयाबीन’ असे उत्तर सगळेच देतात. पुढचा प्रश्न मात्र सोयाबीन विकले कसे जाते, हा असतो. त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, त्यासाठी मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात जावे लागते. दिवाळीच्या आधी कोणत्याही मोंढ्यात उभे राहिलात, तर आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मग ओलावा मोजण्याच्या यंत्रात नमुना टाकतो, हे दिसेल. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. समजा, शेतकऱ्याच्या मालात १८ टक्के ओलावा आहे. १०० किलोमध्ये कोरडा भाग ८२ किलो झाला. हाच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर वजन ९४ किलो राहत नाही, ८२ किलो हा आता ८८ टक्के भाग असल्याने ते सुमारे ९३.२ किलो भरते. म्हणजे ओल्या मालाला क्विंटलला ४,००० रुपये मिळत असतील, तर वाळवलेल्या मालाला किमान ४,२९३ रुपये मिळाल्याशिवाय बरोबरीसुद्धा साधत नाही, आणि त्यात वाळवण्याची मजुरी व अवकाळी पावसाची धास्ती धरलेली नाही. शेतकरी ओला माल घाईने का विकतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी या हिशेबात आहे, आणि ते ज्याला मांडता येते त्याच्याशी परीक्षक पुढे रस घेऊन बोलतात, असा माझा अनुभव आहे.

याच धाग्याने शेतमाल तारण कर्ज योजना समजून घ्यावी. राज्याच्या पणन मंडळाच्या या योजनेत गोदामात तारण ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. एक लाखाच्या मालावर ७५ हजार रुपये उचलले, तर पूर्ण मुदतीचे व्याज २,२०० रुपयांच्या आसपास होते. भाव तेवढा तरी वाढेल का, हा निर्णय शेतकऱ्याला घ्यायचा असतो. व्यवस्थापनाच्या वर्गात साठवणुकीचा खर्च म्हणून जे शिकवतात, ते हेच आहे.

म्हणून ‘रावे’कडे केवळ नोंदवही भरण्याचे काम म्हणून पाहू नये. त्यात रांगोळीने गावाचा नकाशा काढताना विहिरी, ओढे आणि शिवार सगळेच दाखवतात. त्यासोबत कोणाचा माल कोणत्या मोंढ्यात जातो, उचल (आगाऊ रक्कम) कोणाकडून घेतली जाते आणि गावात शेतकरी उत्पादक कंपनी असल्यास ती खत-बियाण्यांच्या विक्रीपलीकडे काय करते, हेही विचारावे. उत्तरे त्याच संध्याकाळी आकड्यांसह लिहून ठेवावीत. महिन्याभराने केवळ ढोबळ आठवण उरते.

कागदपत्रांचे काम गावात जाण्यापूर्वी उरकावे. कॅटची नोंदणी साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चालते. केंद्रीय संस्थांना इतर मागासवर्गाचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते, राज्याच्या नमुन्यातील चालत नाही. राज्याच्या एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गाचा लाभही तेथे मिळत नाही. तेव्हा सेतू केंद्रात अर्ज करतानाच केंद्राचा नमुना स्पष्टपणे मागून घ्यावा आणि प्रमाणपत्र हाती येताच त्यावरील जातीचे नाव केंद्रीय यादीतील नोंदीशी पडताळून पाहावे.