रस्त्याचा भराव धरून ठेवायचा तर आधी पाणी, मग वाळा

वळीव पडत असतानाच भरावाजवळून एक चक्कर मारा. आमची भाताची खाचरं गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या भरावाखाली आहेत, म्हणून मी हे दरवर्षी करतो. साइडपट्टीवरून पाणी जिथं खाली उतरतं, तिथं काठी रोवून ठेवा. आज तिथं बोटभर घळ दिसेल. जुलैत तिचाच खड्डा होतो आणि मुरूम भातावर येऊन बसतो. जागा सरकारी असते, तेव्हा ग्रामपंचायतीमार्फत बांधकाम विभागाची परवानगी आधी घ्या.

पाण्याला वाट दिल्याशिवाय उतारावर काहीही लावू नये, असं माझं ठाम मत आहे. साइडपट्टीचं पाणी कडेच्या चरात घ्या आणि चरात अनगड दगडांचे लहान बांध घाला. बांध मध्ये खोलगट आणि दोन्ही कडांना उंच हवा, नाहीतर पाणी बाजूनं काठ पोखरतं. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत येईल, एवढं अंतर ठेवा. दगडांमागं गाळ निम्म्यावर आला की उपसा. तो रस्त्याखालच्या मोरीत गेला तर पाणी रस्त्यावर चढतं.

मग वाळा, म्हणजे खसाचं गवत. त्याची मुळं आडवी न पसरता ३ ते ४ मीटर सरळ खाली जातात, शिवाय दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा बियांनी रानात पसरत नाही. मृगाचा पाऊस लागून माती ओली झाली की लावा. जुनं बेट खणून कोयत्यानं फोडा, एकेका ठोंबाला दोन-तीन फुटवे राहू द्या. पाती वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं ठेवा, शेणकाल्यात बुडवा आणि लावल्यावर माती टाचेनं घट्ट दाबा. दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर, त्याहून जास्त नको: मधल्या फटीतूनच पाणी घुसतं. ओळ डोळ्यांच्या अंदाजानं आखू नका, ए-फ्रेमनं, म्हणजे ओळंबा टांगलेल्या इंग्रजी ‘A’ च्या आकाराच्या काठ्यांच्या चौकटीनं, समपातळीत आखा. उतार मीटर-दीड मीटर उतरला की पुढची ओळ. पावसानं उघडीप दिली तर पाणी घाला, मेलेले ठोंब त्याच पावसाळ्यात भरून काढा.

ओळींमधल्या उघड्या मातीवर उसाचं पाचट अंथरा. आपल्याकडं ते पेटवून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. उतारावरून पाचट घसरतं, म्हणून खुंट्या ठोकून वर सुतळी ताणा.

वाळा वरची माती धरतो, अख्खा डोंगर नाही. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला, तसल्या ठिकाणी संरक्षक भिंत आणि आतल्या पाण्याचा निचराच लागतो. डांबरावर कमानीसारखी भेग दिसली किंवा खांब कलले, तर भरावावर चढू नका, लगेच तहसीलला कळवा.

तणनाशक भरावावर अजिबात मारू नका. गवत मेलं की मुळं कुजतात आणि पुढच्या पावसात माती सुटते. दिवाळीच्या सुमाराला विळ्यानं कापा, फूटभर बुंधा ठेवा. वळणावर मात्र गवत आखूडच ठेवा, समोरची गाडी दिसली पाहिजे. कापलेली पाती घरी नेऊ नका, जिथं ठोंब विरळ आहेत तिथंच पसरा.